जिओपॉलिमर सिरॅमिक्स : उष्णतेच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

उत्तम प्रतीच्या चिनी मातीच्या भांड्यांना १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची भाजणी लागते. जिओपॉलिमर मात्र १०० अंशांखालीही दगडासारखा घट्ट होतो. या द्रव्याची रचना व सामर्थ्य यांवर उष्णतेचा कोणता परिणाम होतो, या प्रश्नाच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम

अल्कलीच्या साहाय्याने सिमेंटसदृश द्रव्य बनविण्याचे महत्त्वाचे कार्य कीव येथे व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकात केले. फ्रान्समधील प्रेरणा निराळी होती. १ नोव्हेंबर १९७० रोजी सँ-लोराँ-द्यु-पाँ येथील नृत्यगृहाला लागलेल्या आगीत १४६ जण मृत्युमुखी पडले. बंद दरवाजांइतकीच आतील ज्वलनशील प्लास्टिकची सजावटही प्राणघातक ठरली. अशा दुर्घटनांनंतर रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोविट्स न जळणाऱ्या बहुलकाच्या शोधास लागले. ‘जिओपॉलिमर’ ही संज्ञा त्यांचीच होय.

उष्णतेचे तीन टप्पे

पहिला टप्पा कच्च्या मालाचा. केओलिन माती सुमारे ७५० अंशांवर तापविली असता तिच्यातील बद्ध पाणी निघून जाते, स्फटिकरचना मोडते आणि क्रियाशील मेटाकेओलिन तयार होते. दुसरा टप्पा दृढीकरणाचा. अल्कली सिलिकेटच्या द्रावणात सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे अणू ऑक्सिजनद्वारे जोडले जाऊन त्रिमितीय जाळे बनते. सौम्य उष्णतेने ही क्रिया वेग घेते. परंतु पाणी अकाली उडून गेल्यास द्रव्य आक्रसते व तडकते. म्हणून नमुने झाकून ठेवावे लागतात. तिसरा टप्पा भाजणीचा. प्रथम छिद्रांतील पाणी बाहेर पडते. पुढे १००० अंशांच्या आसपास सोडियमयुक्त द्रव्यातून नेफेलिन, तर पोटॅशियमयुक्त द्रव्यातून ल्युसाइट ही स्फटिके निर्माण होतात. येथे जिओपॉलिमर खऱ्या अर्थाने सिरॅमिक होतो.

सामर्थ्याचा प्रश्न

कॉंग, संजयन व सागो-क्रेंटसिल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला तुलनात्मक अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. ८०० अंशांपर्यंत तापविल्यावर औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या नमुन्यांचे सामर्थ्य ६ टक्क्यांनी वाढले, तर मेटाकेओलिनच्या नमुन्यांचे ३४ टक्क्यांनी घटले. राखेच्या नमुन्यांतील असंख्य सूक्ष्म छिद्रांमधून वाफेस सहज वाट मिळाली. मेटाकेओलिनच्या नमुन्यांत ती सोय नव्हती. तापमान एकच असूनही निष्कर्ष परस्परविरुद्ध आले, ते अंतर्गत रचनेमुळे.

समारोप

न जळणे आणि जळत्या इमारतीत भार पेलत राहणे हे दोन भिन्न गुण आहेत. संशोधनाचा आरंभ पहिल्या गुणाच्या शोधातून झाला. दुसऱ्याची कसोटी उत्तरकालीन प्रयोगांनी घेतली. या इतिहासातून दिसते की केवळ कमाल तापमानाचा आकडा सांगून द्रव्याची पारख होत नाही. तापविण्याचा वेग, कच्चा माल आणि पाण्याला मिळणारी वाट यांचाही विचार करावा लागतो. ज्या द्रव्याच्या शोधामागे आगीत गेलेल्या जिवांची आठवण आहे, त्याच्या बाबतीत ही काटेकोर दृष्टी अधिकच आवश्यक ठरते.