काशीयात्रेचा हंगाम कोण ठरवत असे?

१/ काशीला केव्हा जावे? आज या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळते: ऑक्टोबर ते मार्च, कारण त्या काळात हवा सुखद असते. अठराव्या शतकातील मराठी यात्रेकरूपुढेही हाच प्रश्न असे. मात्र त्याच्या उत्तरात काशीच्या हवेला फारसे स्थान नव्हते. चुकीच्या महिन्यात घर सोडणारा माणूस परत येईलच, याची शाश्वती नसे. हा धागा त्या जीवावरच्या हिशेबाविषयी आहे.

२/ प्रथम अंतर पाहावे. पुण्याहून काशी साधारण १,४०० ते १,५०० किलोमीटर. बैलगाडी, पालखी, तट्टू आणि पायी चालणारी माणसे असा तांडा असेल, तर दिवसाला सरासरी पंधरा-सोळा किलोमीटर मजल पडली तरी पुष्कळ. म्हणजे केवळ जाण्यास सुमारे नव्वद दिवस. प्रयाग, काशी व गया या तिन्ही स्थळांचे विधी मिळून आणखी महिना-सव्वा महिना. आणि परतीचे पुन्हा तीन महिने.

३/ आता या हिशेबात नद्या घालाव्यात. वाटेत भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा आणि उत्तरेत यमुना व गंगा. पक्के पूल जवळजवळ नव्हतेच. हिवाळ्या-उन्हाळ्यात उतार सापडे किंवा नाव मिळे. आषाढात नर्मदेला पूर आला, की यात्रेकरू अलीकडच्या तीरावर आणि यात्रा पलीकडच्या तीरावर. दख्खन व माळव्याची काळी जमीन एकदा भिजली, की गाडीची चाके आसापर्यंत रुतत.

४/ म्हणून खरा हंगाम काशीचा नसून वाटेचा होता. सामान्य यात्रेकरूचा हिशेब मांडून पाहता येतो. दसऱ्यानंतर निघाल्यास माघाच्या सुमारास प्रयाग. तेथून काशी व गया उरकून फाल्गुनात परतीची वाट. वैशाख-ज्येष्ठात घर. मृगाचा पाऊस आणि घराचा उंबरठा यांत जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे अंतर उरे.

५/ एवढ्या अंतरात काय काय बसवायचे? वाटेतला ताप, बैलाचा मृत्यू, एखाद्या नाक्यावर कराच्या वादात गेलेले आठ दिवस, तांड्यातील कुणाची प्रसूती. यांपैकी एखादीच गोष्ट घडली, तरी संपूर्ण चातुर्मास परमुलखात काढावा लागे. जवळचा पैसा तेवढा पुरेल, याचा भरवसा नसे. सावकाराची काशीवरची हुंडी फार तर काशीत उपयोगी. मधल्या एखाद्या खेड्यात अडकलेल्याला तिचा काय आधार?

६/ मराठी भाषेत या अनिश्चिततेच्या खुणा आजही आहेत. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ ही म्हण त्यांपैकीच. बहुतेकांच्या नशिबी प्रत्यक्ष जाणे नसे, केवळ वदणे असे. निघताना माणसे घरादाराची निरवानिरव करीत. सुखरूप परतल्यावर गंगापूजन करून मावंदे घालीत. मावंदे म्हणजे यात्रा सफळ झाल्याचे गावजेवण. यात्रेकरू जिवंत परतला, ही वार्ताच साऱ्या गावाला जेवू घालण्याजोगी होती.

७/ धर्मशास्त्राचे म्हणणे काय होते? सोळाव्या शतकात काशीत नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी व गया येथील विधींचा तो प्रमाणग्रंथ मानला जातो. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे, वडील रामेश्वरभट्ट काशीस जाऊन स्थायिक झालेले. म्हणजे काशीयात्रेची शास्त्रीय चौकट घडवण्यात गोदाकाठच्या एका कुटुंबाचा मोठा वाटा आहे.

८/ पंचांग पाहिले, तर काशीत वाईट महिना असा नाहीच. माघात प्रयागस्नान. ज्येष्ठात दशाश्वमेधावर गंगा दशहरा. भाद्रपदात लोलार्क कुंडावरची षष्ठी. कार्तिकात पंचगंगा घाटावरचे स्नान आणि आकाशदीप. गयेला तर शास्त्राने विशेष सवलत दिली. अन्यत्र निषिद्ध मानलेला अधिक मास, गुरू-शुक्रांचा अस्त, सिंहस्थ अशा काळातही तेथे पिंडदान करता येते. महिनोन्‌महिने चालून आलेल्याला मुहूर्ताच्या कारणाने परत पाठवणे शास्त्रालाही परवडणारे नव्हते.

९/ शास्त्राने मोकळीक दिली आणि वाटेने ती काढून घेतली. ही कोंडी कशी सोडवावी, याचे अत्यंत देखणे उदाहरण म्हणजे राधाबाईंची यात्रा. राधाबाई म्हणजे बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी, थोरल्या बाजीरावांच्या व चिमाजीअप्पांच्या मातोश्री. १७३५ च्या फेब्रुवारीत त्यांनी पुणे सोडले. आजच्या मार्गदर्शकानुसार हा महिना चुकीचाच ठरेल, कारण पुढे सारा उन्हाळा उत्तर हिंदुस्थानात काढायचा होता.

१०/ नकाशा समोर ठेवला, की या निवडीचा अर्थ उलगडतो. मार्चमध्ये बऱ्हाणपूर, म्हणजे तापीचा काठ. तेथून उन्हाळ्यात पाणी ओसरलेले असताना नर्मदा पार. मे महिन्यात उदयपूर. जूनमध्ये जयपूर. दक्षिणेकडच्या मोठ्या नद्या पावसाआधीच मागे पडल्या होत्या. उन्हाचा त्रास सोसता येतो, पूर सोसता येत नाही, हा त्या वेळापत्रकामागचा विचार दिसतो.

११/ मग पावसाळा? त्याचा बराचसा काळ जयपुरात गेला. सवाई जयसिंगाने पेशव्यांच्या मातोश्रींना सन्मानाने ठेवून घेतले. पावसाळ्यात जेथे थांबणे भाग, ते ठिकाण स्नेह्याच्या राजधानीत यावे, अशी ही आखणी. शिवाय त्या मुक्कामाला राजकीय अर्थही होता. बाजीराव आणि जयसिंग यांच्यातील सलोखा त्यातून जगाला दिसला. पाऊस सरल्यावर मथुरा व प्रयाग करून ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळी-कार्तिकाच्या सुमारास, राधाबाई काशीत पोहोचल्या.

१२/ त्यानंतर गया, मग परतीचा प्रवास. १७३६ च्या जूनच्या आरंभी त्या पुण्यात परत आल्या, अगदी मृगाच्या तोंडावर. साडेपंधरा महिन्यांच्या या प्रवासात दोन उन्हाळे आले, एक पावसाळा आला. पण पावसाळ्यात मोठी नदी ओलांडण्याची वेळ आली नाही. अर्थात हे साधले, कारण मागे पेशव्यांची सत्ता होती आणि वाटेतले संस्थानिक व मोगल सरदार आदरातिथ्यास तत्पर होते. सामान्य यात्रेकरूला जयपूरचा पाहुणचार कोण देणार?

१३/ सामान्यांना एकच मोठा आधार होता, तो म्हणजे फौज. वाट कोरडी झाली, नद्या उतरल्या, की मराठ्यांच्या मोहिमा सुरू होत. दसऱ्याच्या सीमोल्लंघनामागे हेच ऋतुमान आहे. यात्रेकरूचा आणि सैनिकाचा हंगाम एकच असल्याने लोक उत्तरेकडे निघालेल्या फौजेच्या आश्रयाने यात्रेस निघत. चोर-पेंढाऱ्यांपासून त्याहून मोठे संरक्षण नव्हते. पण मग यात्रेचे वेळापत्रक आपल्या हाती राहत नसे.

१४/ त्याची किंमत १७६० मध्ये मोजावी लागली. मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज परतूडहून उत्तरेस निघाली. सोबत बायका-मुले आणि तीर्थांची आस धरलेले हजारो बिनलढाऊ लोक होते. यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरावे, शुजाउद्दौला व अब्दाली यांची गाठ पडू देऊ नये, असा भाऊंचा विचार होता. इटाव्याजवळ नावा जमवण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती. परंतु पावसाने यमुना भरली आणि तो बेत फसला.

१५/ शुजा अब्दालीला मिळाला. काशी व प्रयागच्या मुलखावर त्याचीच सत्ता असल्याने ती वाटही मिटली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकल्यावर फौज कुरुक्षेत्राच्या वाटेला लागली होती. निदान ते एक तीर्थ तरी पदरी पडेल, अशी आशा होती. तोच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडल्याची वार्ता आली. पाणी पुरते उतरले नसताना तो नदीत उतरला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे मारले गेले आणि जे गुलाम म्हणून नेले गेले, त्यांत काशीसाठी घर सोडलेली माणसेही होती.

१६/ काशीला पोहोचल्यावरही ऋतू पाठ सोडत नाही. येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. शहर पश्चिमेच्या उंच काठावर आहे आणि पूर्वेस वाळवंट. राजघाटावर धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात तेच पाणी धोक्याच्या पातळीच्या दहा मीटरांहून अधिक खाली असते. एका वर्षात नदी तीन मजले चढते आणि उतरते.

१७/ घाटांची रचना या चढउतारासाठीच आहे. पाणी कुठेही असो, स्नानाला पायरी मिळावी, हा त्या उंचच उंच पायऱ्यांचा हेतू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी येथे घाट बांधले व दुरुस्त केले. मणिकर्णिकेशेजारचा शिंदे घाट मात्र स्वतःच्याच वजनाने खचला. त्याच्या शेजारचे रत्नेश्वर मंदिर आजही कललेले आहे आणि पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्यात असतो. पूर वाढला, की मणिकर्णिकेवरील दहनही वरच्या गच्चीवर हलते.

१८/ मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबईकडचा लोहमार्ग अलाहाबादकडच्या लोहमार्गाला जोडला गेला. १८८७ मध्ये काशीत गंगेवर डफरिन पूल झाला, तोच आजचा मालवीय पूल. तीन महिन्यांची वाट तीन-चार दिवसांवर आली. नर्मदेच्या पुराचा धाक संपला. निरवानिरव करण्याचे कारण उरले नाही. मावंद्याची प्रथा मात्र टिकली.

१९/ यातून एक अनपेक्षित पालट झाला. पूर्वी वाटच गर्दी गाळून घेत असे. आता ठरावीक तिथीला लाखो लोक एकाच ठिकाणी उतरू लागले. धोका वाटेवरून पर्वणीवर आला. १८९२ मध्ये हरिद्वारची महावारुणीची यात्रा पटकीमुळे सरकारला बंद पाडावी लागली. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी प्रयागच्या कुंभमेळ्यात मौनी अमावास्येच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन शेकडो यात्रेकरू मृत्युमुखी पडले.

२०/ मग आज केव्हा जावे? ऑक्टोबरमध्ये घाटांवरचा गाळ उपसण्याचे काम चालू असू शकते. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी नेत्रदीपक, पण त्या रात्री घाटांवर पाऊल ठेवायला जागा नसते. डिसेंबरची अखेर आणि जानेवारी धुक्याचे. त्या दिवसांत गाड्या तासन्‌तास उशिरा येतात आणि सूर्योदय दिसेलच असे नाही. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. श्रावणात सोमवारची अलोट गर्दी आणि पूर आल्यास नौका बंद.

२१/ इतिहासासाठी जाणाऱ्याने महाशिवरात्रीची गर्दी टाळून फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य निवडावा. धुके विरलेले असते, ऊन सोसवते आणि पाणी उतरल्याने घाटांच्या खालच्या पायऱ्याही दिसतात. पहाटे नावेतून पंचगंगा ते दशाश्वमेध असा प्रवाह चढत जावे. वाटेत भोसल्यांचा, शिंद्यांचा घाट लागतो. भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेषा शोधाव्यात. पुष्कळदा त्या डोक्याच्या कितीतरी वर असतात.

२२/ आणि नावेतून उतरताना एक हिशेब मनाशी करावा. याच दिवसांत, फाल्गुनाच्या सुमारास, जुना मराठी यात्रेकरू गंगाजलाची कावड भरून घराकडे वळलेला असे. त्याच्यापुढे तीन महिन्यांची वाट, पाच-सहा नद्या आणि मागून येणारा पाऊस असे.

(समाप्त)