ग्रहण, जर्मन गोवर आणि जनुकं : बाळाच्या हृदयात दोष का राहतो?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात एका बारशापासून करते. माझ्या मावसबहिणीच्या बाळाच्या हृदयात छिद्र आहे, असं जन्मानंतर आठवड्याभरात कळलं. बारशाला आलेल्या एका आजींनी पाळण्याजवळ बसून हळूच विचारलं, "ग्रहणात काही चिरलं-बिरलं होतंस का गं?" ताई काहीच बोलली नाही. रात्री मात्र तिने मला फोनवर मागच्या वर्षीची ग्रहणं शोधायला लावली. ताई केमिस्ट्रीची एमएस्सी आहे. तरी तिला तारखा बघायच्या होत्या.

बाळाला काही झालं की पहिली उलटतपासणी आईची. काय खाल्लंस, कुठे गेलीस, काय बघितलंस? आजच्या भागात बघू, की हृदयातल्या जन्मजात दोषांची खरी कारणं माणसाला कशी कळत गेली. आणि गंमत म्हणजे त्यातला एक फार मोठा धागा आयांच्याच गप्पांतून मिळाला.

आधी एक साधी गोष्ट. आपण म्हणतो "हृदयाला छिद्र पडलं". खरं तर बऱ्याचदा ते पडत नाही, राहून जातं. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात हृदय एका साध्या नळीसारखं असतं. ती नळी वळते, तिच्यात पडदे तयार होतात, झडपा बनतात, आणि आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्प्यांचा मुख्य आराखडा उभा राहतो. पडदा पूर्ण झाला नाही की राहिलं छिद्र. म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं कळतं तेव्हा हे काम अर्धं उरकलेलं असतं. दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांमध्ये यातलं काहीतरी थोडंफार चुकतं.

काय चुकलं ते कळलं, का ते नाही

कॅनडातल्या मॉड अ‍ॅबट या डॉक्टर बाईंनी हजार रुग्णांच्या नोंदींवरून १९३६ साली जन्मजात हृदयदोषांचा एक अ‍ॅटलास छापला. ज्या मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने "बायकांना प्रवेश नाही" म्हणून त्यांना दार बंद केलं होतं, तिथल्याच संग्रहालयात त्यांनी हे काम केलं. कुठला दोष कसा दिसतो, हे जगाला त्यांच्यामुळे नीट कळलं. पण तो का होतो? त्या काळचं ठरलेलं उत्तर होतं आनुवंशिकता. बाहेरचं काही गर्भापर्यंत पोहोचत नाही, वार त्याला अडवते, अशी बहुतेक डॉक्टरांची समजूत होती.

सिडनीतली वेटिंग रूम

आता चला ऑस्ट्रेलियात. साल १९४१. सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे अचानक एकामागून एक तान्ही बाळं येऊ लागली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली. एवढ्याशा बाळांना मोतीबिंदू! त्यात बाळं अशक्त, दूध नीट न पिणारी, आणि बऱ्याच जणांच्या हृदयातही दोष.

असं सांगतात की त्यांच्या वेटिंग रूममध्ये काही आया आपसात बोलत बसल्या होत्या. "मला पोटुशी असताना जर्मन गोवर झाला होता." "अगं, मलाही!" ते ग्रेग यांच्या कानावर पडलं. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने ते सोडून दिलं असतं. ग्रेग यांनी मागच्या तारखा जुळवल्या. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, मोठी साथ येऊन गेली होती. त्यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. एकूण ७८ बाळं जमली. त्यांतल्या ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता, आणि तोही बहुतेकींना पहिल्या काही आठवड्यांत. म्हणजे नेमका हृदय आणि डोळे घडायचा काळ. निम्म्याहून जास्त बाळांच्या हृदयात दोष होता.

रुबेला म्हणजे मोठ्या माणसाला काय होतं? दोन-तीन दिवस पुरळ, थोडा ताप, मानेत गाठी. कित्येकींना तर कळतही नाही. इतका किरकोळ आजार बाळाचं हृदय बिघडवतो, हे पचायला जड होतं. ग्रेग यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये हे मेलबर्नला मांडलं. पण १९४४ मध्येसुद्धा लॅन्सेट या नामांकित ब्रिटिश नियतकालिकाचं मत होतं, की ग्रेग यांनी हे सिद्ध केलेलं नाही. पुढे ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातल्या कर्णबधिर मुलांच्या जुन्या नोंदी काढल्या. रुबेलामुळे बाळ बहिरंही होऊ शकतं ना! १८९९ च्या आसपास जन्मलेल्या अशा मुलांची संख्या एकदम वाढलेली दिसली, आणि त्याच सुमारास रुबेलाची साथही होती. १९५१ मध्ये त्याने हे छापलं. आकडे बोलले, तेव्हा शंका मिटली.

शंका मिटायला दहा वर्षं लागली, आणि लस यायला आणखी अठरा. मधल्या काळात, १९६४-६५ मध्ये, अमेरिकेत रुबेलाची प्रचंड साथ आली आणि सुमारे २०,००० बाळं त्याच्या खुणा घेऊन जन्मली. १९६९ मध्ये लस मिळाली. २०१५ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंड रुबेलाच्या स्थानिक प्रसारातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. तुमच्यापैकी काहींना शाळेत रांगेत उभं राहून दंडात घेतलेलं ते इंजेक्शन आठवत असेल. ती लस तुमच्यासाठी होतीच, पण पुढे कधीतरी जन्मणाऱ्या बाळांच्या हृदयासाठीही होती.

हात आणि हृदय

रुबेलाने एक दार उघडलं : बाहेरचं आत पोहोचतं. दुसरा धक्का औषधाचा. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी मिळत होती. गरोदर बायका मळमळीवरही ती घेत. १९६१ च्या अखेरीस ती बाजारातून काढेपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बाळं आखूड हातापायांची जन्मली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हृदयातही दोष होते. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग १९६२ च्या सुरुवातीला स्वतः जर्मनीला जाऊन हे बघून आल्या आणि त्यांनी आपल्या देशाला सावध केलं.

आता इथे नीट लक्ष द्या. त्याच सुमारास, १९६० मध्ये, लंडनमध्ये होल्ट आणि ओरम या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. त्या घरात अनेक पिढ्या अंगठ्यात वेगळेपण आणि हृदयाच्या पडद्यात छिद्र, असं जोडीने येत होतं. ना गोळी, ना साथ. पुन्हा हात आणि हृदय, पण या वेळी वारशाने! त्यामागचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. त्याचं नाव टीबीएक्स-५.

म्हणजे एकच बिघाड दोन वाटांनी होऊ शकतो. घर बांधताना कसं, कधी नकाशातच चूक असते, कधी नकाशा बरोबर असतो पण ऐन स्लॅबच्या दिवशी पाऊस कोसळतो. नंतर बघणाऱ्याला तडा सारखाच दिसतो. २०१८ मध्ये तर असं दिसून आलं, की थॅलिडोमाइड गर्भातलं एसएएलएल-४ नावाचं प्रथिन नष्ट करतं. आणि त्याच प्रथिनाच्या जनुकात जन्मतः बिघाड असलेल्या काही माणसांत हातांचे, कधी हृदयाचेही, तसेच दोष दिसतात. पाऊस आणि नकाशातली चूक, दोन्ही एकाच खांबावर येऊन थांबले.

जनुकांची बाजूही तोवर उलगडत होती. १९५९ मध्ये डाउन सिंड्रोममागे २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते हे कळलं. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. १९६८ मध्ये जेम्स नोरा यांनी मांडलं, की बहुतेक वेळा एकटं जनुक किंवा एकटी परिस्थिती जबाबदार नसते. अनेक छोट्या जनुकीय गोष्टी आणि बाहेरचं काहीतरी, असं मिळून घडतं. आजही बहुसंख्य बाळांच्या बाबतीत एका कारणावर बोट ठेवता येत नाही.

मग आपल्या हातात काय?

थोडं आहे, आणि ते करण्यासारखं आहे. रुबेलाची लस गरोदर राहण्याआधी घ्यायची, नंतर किमान एक महिना थांबायचं. गरोदरपणात ती देत नाहीत. आईला आधीपासून मधुमेह असेल तर बाळाच्या हृदयातल्या दोषाची शक्यता काही पटींनी वाढते, म्हणून साखर आधीच ताब्यात आणायची. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. फिट्सच्या काही औषधांनीही धोका वाढतो, पण ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारून बदलायची. जवळच्या नात्यात लग्न ठरत असेल किंवा घरात आधी कोणाच्या हृदयात जन्मजात दोष असेल, तर जनुकीय सल्ला घ्यायचा. आणि यात नवऱ्याचा घरचा इतिहासही मोजला जातो बरं का, बाळात निम्मी जनुकं त्याची असतात.

या यादीत ग्रहण कुठेच नाही. विळी नाही, सुरी नाही.

ताईच्या बाळाचं छिद्र लहान होतं, दोन वर्षांत आपोआप बुजलं. डॉक्टरांनी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "तुमच्या हातून काही चुकलेलं नाही." ती सांगते, त्या दिवशी बाकी काय बोलणं झालं ते आठवत नाही, हे एक वाक्य तेवढं आठवतं. तेव्हा पुढच्या बारशाला कोणी ग्रहणाचं विचारलं, तर सिडनीतल्या त्या आयांची गोष्ट सांगा. त्या एकमेकींशी बोलल्या, एका डॉक्टरने ऐकलं, आणि लाखो बाळांची हृदयं वाचली.

पुढच्या भागात हेलन टॉसिग परत भेटतील, १९४४ च्या निळ्या बाळाच्या ऑपरेशनच्या गोष्टीत. तोवर हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आजींनाही ऐकवा.