मराठवाड्यांतील रणगाडे

बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीस केदारेश्वराचें चालुक्यकालीन देवालय आहे आणि एक जुना किल्लाहि आहे. स्वारांच्या टोळीला तटाशीं थोपवून धरावें, ही अशा किल्ल्यांमागची कल्पना. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असतां, १९४८ च्या सप्टेंबरांत जें सैन्य संस्थानांत शिरलें, त्याला असले तट अडविणारे नव्हते. त्याला अडवूं शकणाऱ्या गोष्टी दोनच होत्या : नदीचा पूर आणि पावसानें भिजलेली काळी माती.

१९१६ सालीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर रणगाडा प्रथम अवतरला. भारतीय सेनेपाशीं १९४८ सालीं असलेला शेर्मन रणगाडा सुमारें ३० टनांचा. एवढें ओझें पेलणारा पूल शत्रूनें उडविला, तर पोलादी चिलखताचा उपयोग काय? हैदराबादच्या फौजेजवळ चिलखती मोटारी होत्या, परंतु रणगाडे नव्हते. तिचा खरा आधार पूल आणि नद्या हाच होता.

१३ सप्टेंबरच्या पहांटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची सेना सोलापूरकडून निघाली. पहिला डाव नळदुर्गाजवळील बोरी नदीच्या पुलाचा. तो उडविला जाण्यापूर्वींच सातव्या ब्रिगेडनें अचानक येऊन अखंड हस्तगत केला आणि मार्ग मोकळा झाला. त्याच दिवशीं दुपारीं चिलखती तुकडी उमरग्यास पोंचली. दुसऱ्या तुकडीनें दोन तासांच्या झुंजीनंतर तुळजापूर घेतलें. पण पुढें लोहाऱ्याच्या वाटेवर फुगलेल्या नदीनें तिला थांबविलें. जें रझाकारांना साधलें नाहीं, तें पाण्यानें साधलें!

पुढें मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, गोवळकोंडा लान्सर्सनीं नांवापुरता प्रतिकार करून शस्त्रें ठेवलीं. १७ तारखेस युद्ध थांबलें आणि १८ तारखेस जनरल एल इद्रूस यांनीं चौधरींपुढें शरणागति पत्करली.

रझाकारांच्या जुलुमानें गांजलेल्या जनतेला ही सुटकाच होती. तथापि रणगाडे राजरस्त्यानें पुढें गेले, आणि आडवळणाच्या खेड्यांत सुडाचें थैमान सुरू झालें. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें कारवाईच्या काळांतील व त्यानंतरच्या मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ पोंचली. हा अहवाल शासनानें कित्येक दशकें प्रसिद्ध केला नाहीं.

पांच दिवसांत राज्य जिंकण्याचें सामर्थ्य चिलखतांत होतें. जिंकलेल्या मुलखांतील प्रत्येक उंबरठा राखण्याचें काम मात्र रणगाड्याचें नव्हे. त्यासाठीं गांवोगांवीं माणसेंच उभीं करावीं लागतात, आणि तीं वेळेवर उभीं राहिलीं नाहींत.