नांवें आणि आंकडे

नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानिलें जातें, व पंढरपुरास महाद्वारापाशीं असलेली पायरी आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. मृताचें स्मरण नांवानें व्हावें, हें या भूमीस नवें नाहीं. पलटणहि नवी नाहीं. शेजारचें हिंगोली १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेचें ठाणें होतें. म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं युद्धांत पडलेल्यांच्या स्मारकांविषयीं थोडें लिहितों.

पुणें जिल्ह्यांतील कोरेगांव भीमा येथें १ जानेवारी १८१८ रोजीं कंपनी सरकारची तुकडी व पेशव्यांची फौज यांचा संग्राम झाला. तेथील दगडी स्तंभाची पायाभरणी १८२१ सालीं झाली. तो कंपनीनें आपल्या विजयाच्या मिरवणुकीसाठींच उभारिला, हें उघड आहे. तथापि त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं असून, त्यांत ‘नाक’ असा शेवट असलेलीं महार शिपायांचीं बावीस आहेत. ज्यांची सावलीहि गांवास चालत नसे, त्यांस त्या दगडानें नांव दिलें. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, तेव्हां तीं नांवें शंभर वर्षांहून जुनीं झालीं होतीं.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र सरकारनें गांवोगांवीं संगमरवरी पाट्या बसविल्या, त्यांवर केवळ हिशेब: इतके गेले, इतके कामास आले. सातारा जिल्ह्यांतील एकट्या अपशिंग्यानें त्या युद्धांत ४६ पुरुष गमाविले. पाटीवरून आईनें आपला मुलगा कसा ओळखावा?

इराकांत बसरा येथें १९२९ सालीं ४०,००० हून अधिक मृतांचें स्मारक झालें. त्या मोहिमेंत मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यांतील सैन्यानें २९ एप्रिल १९१६ रोजीं शस्त्रें ठेविलीं, व पुढें कैदेंत पुष्कळ मेले. स्मारकावर गोऱ्या शिपायाचें नांव कोरलें, हिंदी अंमलदाराचेंहि कोरलें. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. दगड अपुरा पडला असेल, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस पटत नाहीं. गोऱ्यांसाठीं तो पुरला होता. अशीं स्मारकें सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानेंच एप्रिल २०२१ मध्यें हा पक्षपात कबूल करून क्षमा मागितली.

प्रत्येक धर्मग्रामांत मृतांची नोंदवही असावी, असा पवित्र सभेचा कायदा आहे. तींत अंमलदारास व शिपायास सारखीच जागा मिळते. ज्यांच्या घरचें कोणी पलटणींत जाऊन परतलें नाहीं, त्यांनीं तीं नांवें २ नोव्हेंबरच्या मिस्सापूर्वीं आमच्याकडे लिहून द्यावीं. तीं वेदीपुढें वाचलीं जातील. हुद्दा लिहिण्याची गरज नाहीं. नांव मात्र बापाच्या नांवासह, पुरें असावें.