पुण्याचा रेसिडेंट, लिम्प्सफील्डची माती

लंडनहून आगगाडीने ऑक्स्टेडला उतरले की मैलभरावर लिम्प्सफील्ड हे सरे परगण्यातले गाव लागते. तेथील सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाचा जुना भाग बाराव्या शतकातला आहे. या चर्चचे नाव संगीतप्रेमींना ठाऊक असते ते फ्रेडरिक डेलियसच्या कबरीमुळे. मी गेलो होतो तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसाठी.

डेलियस १९३४ साली फ्रान्समध्ये वारला. दक्षिण इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात आपल्याला पुरावे, अशी या नास्तिक संगीतकाराची इच्छा होती. मे १९३५ मध्ये मध्यरात्री त्याचे येथे पुन्हा दफन झाले. त्यासाठी आजारपणातही इंग्लंडला आलेली त्याची पत्नी येल्का दोनच दिवसांनी गेली. तीही त्याच कबरीत आहे. त्याचे संगीत लोकांपुढे आणणारे थॉमस बीचम १९६१ साली निवर्तले; त्यांचे अवशेष १९९१ मध्ये येथे हलवण्यात आले. बागेतल्या नाइटिंगेल पक्ष्यांच्या साथीने १९२४ साली बीबीसीवर चेलो वाजवणारी बिअट्रिस हॅरिसनही याच मातीत आहे.

या साऱ्यांच्या कितीतरी आधी एल्फिन्स्टन येथे विसावला. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने याच गावातल्या हुकवुड या घरात काढली आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी, ऐंशीव्या वर्षी, तो तेथेच वारला. गव्हर्नर जनरलचे पद त्याने नाकारले होते. लग्न केले नव्हते.

मराठी माणूस या कबरीपाशी कोणत्या भावनेने उभा राहणार? १८११ पासून हा पुण्याचा रेसिडेंट. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्यासोबत त्याची पुस्तकेही. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. १८१९ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२१ साली, दुसऱ्या बाजीरावानेच बांधलेल्या विश्रामबागवाड्यात, पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून संस्कृत पाठशाळा निघाली. यात विद्येचे प्रेम होते, तसाच राज्य गेल्याने दुखावलेल्या शास्त्रीमंडळींना शांत ठेवण्याचा हिशेबही होता. सरकारी शिक्षणात ख्रिस्ती धर्मप्रसार मिसळू नये, हा त्याचा आग्रहही असाच दुहेरी होता.

परिणामांची जाणीव मात्र त्याला होती. जॉन ब्रिग्जने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून त्याने विचारले, ही कशासाठी? एल्फिन्स्टनच्या उत्तराचा आशय असा : येथील लोकांना शिकवण्यासाठी, पण आपल्याला युरोपात परत नेणारा राजमार्गही हाच.

झालेही तसेच. विश्रामबागेतल्या पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले आणि तेथे टिळक, आगरकर शिकले. १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली. त्या निधीतून त्याच्या नावाची शिक्षणसंस्था उभी राहिली आणि तिच्या परंपरेत दादाभाई, भांडारकर, रानडे घडले.

पेशवाई बुडवणारा एल्फिन्स्टन एका वहीत आणि शाळा काढणारा दुसऱ्या वहीत, अशी मांडणी आपण फार वर्षे करत आलो. पहिली वही उघडली की तो शत्रू ठरतो, दुसरी उघडली की उपकारकर्ता. पण दक्षिणेचा पैसा आणि विश्रामबागवाडा दोन्ही वह्यांत आहेत. जिंकलेल्या राज्याच्याच पैशातून त्याने शाळा काढली, आणि त्या शाळेच्या वारसांनी त्याच्या राज्याला जाब विचारला. हा सगळा जमाखर्च एकाच वहीत मांडला, तरच तो जुळतो.