खलित्याची कुळकथा

पडद्यावरील अर्जात भरलेली माहिती व्यवहारनियमांच्या थराकडे पोहोचवणाऱ्या एका जावा ऑब्जेक्टचे चाळीसएक रकाने हाताने भरून कंटाळलो असता, नुसती नावे जुळवून सारे रकाने एका हुकमात भरणारी 'कॉपीप्रॉपर्टीज' ही सोय मला कोणी दाखवली; आणि पुढे कोबोलचे एक जीर्ण हस्तपुस्तक चाळताना 'मूव्ह करस्पाँडिंग' ही आज्ञा दृष्टीस पडली, तेव्हा नातवाच्या मुद्रेवरून आजोबा ओळखावा तसे मला झाले. दोन नोंदी समोरासमोर मांडाव्यात, ज्या रकान्यांची नावे सारखी तेवढ्यांतला ऐवज इकडून तिकडे न्यावा, बाकीच्यांना हात लावू नये, हेच दोहोंचे काम.

या वाहक ऑब्जेक्टची, म्हणजे डीटीओची, रूढ जन्मकथा सर्वश्रुत आहे: 1998 साली एंटरप्राइझ जावाबीन्स (ईजेबी) आले, दूरच्या बीनला विचारलेला प्रत्येक प्रश्न नेटवर्कवरून जाऊ लागला, म्हणून सारी उत्तरे एकाच गाठोड्यात बांधून आणण्याची युक्ती निघाली.

वाद आहे तो नावाचा. अलूर, क्रुपी आणि मॉल्क्स यांनी 2001 मध्ये 'कोअर जे-टू-ईई पॅटर्न्स' या ग्रंथात याला 'व्हॅल्यू ऑब्जेक्ट' म्हटले; परंतु या नावावर आधीच दुसऱ्याची वहिवाट होती. रक्कम, तारीख यांसारख्या, स्वतःची ओळख नसलेल्या आणि मूल्य सारखे असले की एकच मानल्या जाणाऱ्या गोष्टींना ते नाव चालत असे. मारिनेस्कू आणि फाउलर या लेखकांनी 2002 मध्ये आपापल्या पुस्तकांत 'डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट', म्हणजेच डीटीओ, हे नाव पत्करले, आणि 2003 च्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ त्रिकुटानेही आपला दावा सोडून 'ट्रान्सफर ऑब्जेक्ट' लिहिले. माझ्या मते भांडण होते ते आतल्या ऐवजावरून नाव ठेवावे की नेणाऱ्या पिशवीवरून, याचे. आणि ते आपल्या दफ्तराला नवे नाही. फारसी 'खरीता' म्हणजे पिशवी; तिचा मराठीत 'खलिता' झाला आणि दरबारी वापरात हा शब्द पिशवीवरून हळूच आतल्या पत्रावर सरकला. जावावाल्यांनी तोच प्रवास उलट्या दिशेने, ऐवजाकडून पिशवीकडे, केला. म्हणून मी डीटीओला खलिताच म्हणतो.

नावाचे झाले; कुळाविषयी माझे म्हणणे असे की खलित्याचे मूळ जावात नसून कोबोलात आहे. प्रतिपक्ष म्हणेल की केवळ माहिती वाहणारा, वर्तनशून्य साचा हवा असेल तर सी भाषेतले 'स्ट्रक्ट' जवळचे, कोबोलपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की 'स्ट्रक्ट' साचा देते, थरांचा शिष्टाचार देत नाही. 1969 साली आलेल्या आयबीएमच्या सीआयसीएस या व्यवहारप्रणालीत पुढे एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावताना 'कॉमएरिया' नावाचा, सुमारे 32 किलोबाइटांची मर्यादा असलेला, माहितीचा पट्टा पुढे करण्याची वहिवाट पडली. त्याचा नकाशा 'कॉपीबुक'मध्ये लिहून दोन्ही कोबोल प्रोग्रामांत समाविष्ट करत. पडदा सांभाळणारा एक, हिशेब करणारा दुसरा आणि मध्ये हा मुका निरोप्या: थरांची मांडणी आणखी निराळी ती काय असते? शिवाय बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या यंत्रणांत जावा शिरली ती बव्हंशी या कोबोलच्याच शेजारी बसण्यासाठी, आणि शेजाऱ्याची सवय उचलायला दस्तऐवज लागत नाही.

नेटवर्कचे कारण जिथे उरले नाही तिथेही खलिता चालू राहिला, ही माझ्या बाजूची साक्ष. एकाच प्रक्रियेतल्या थरांमध्ये त्याची गरज नाही असे फाउलर यांनी बजावले, 2006 च्या ईजेबी 3.0 ने साध्या एंटिटीच थरांबाहेर नेण्याची मुभा दिली, तरी लोक खलिते लिहीतच राहिले.

आणि रोगही आजोबांचाच आला आहे. एका बाजूने 'पिनकोड' आणि दुसऱ्या बाजूने 'पिन' असे नाव पडले, तर 'मूव्ह करस्पाँडिंग' जशी तो रकाना गुपचूप वगळते तशीच 'कॉपीप्रॉपर्टीज'ही वगळते. त्या रिकाम्या पत्त्याच्या शोधात माझी एक अख्खी दुपार गेली. ना इशारा, ना तक्रार.