तीन फुटांचा इतिहास

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मसोलीतल्या एका शाळेच्या मैदानावर मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होतो. पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता (तो 1 ऑगस्ट 2014 ला झाला), त्यामुळे आमची तयारी चालली होती ती ठाणे जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेची. मैदान आखायला चुना, सुतळी आणि माझी पावले एवढेच साहित्य होते. नियमांच्या एका जुन्या झेरॉक्सवर पिचरचे अंतर 40 फूट दिले होते. 40 फूट म्हणजे साधारण 12 मीटर, 12 मीटर म्हणजे माझी 12 पावले, असा हिशेब करून मी रेघ मारली.

आमची पिचर भाताच्या शेतात गोफण फिरवून पाखरे हाकणारी मुलगी होती. सॉफ्टबॉलमध्ये हात पूर्ण गोल फिरवून चेंडू कमरेखालून सोडायचा असतो. ही फिरकी तिला शिकवावी लागली नाही. तिच्या चेंडूला आमच्या कुणाचीच बॅट वेळेवर लागेना. त्यात एक मुलगी अशी होती की रोज दीड-दोन तास मारत राही आणि प्रत्येक वेळी उशीर करी. ‘तुझी नजर कच्ची आहे,’ असे सांगून मी तिला संघातून वगळले.

स्पर्धेत सगळे उलटे झाले. आमच्या पिचरचे चेंडू प्लेटपर्यंत पोचता पोचता खाली बसू लागले आणि समोरच्या मुली ते आरामात मारू लागल्या. आमच्या मुली मात्र चेंडू येण्याआधीच बॅट फिरवून मोकळ्या होत होत्या. परत आल्यावर मी टेप लावून माझी रेघ मोजली. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून अंतर भरले 11 मीटर 30 सेंटीमीटर. स्पर्धेच्या मैदानावर ते 13 मीटर 11 सेंटीमीटर, म्हणजे 43 फूट होते. माझ्या पावलांनी एक चूक केली होती आणि झेरॉक्सने दुसरी.

पावलांची चूक माझी. पण झेरॉक्समधले 40 आणि मैदानावरचे 43 यांमध्ये जे तीन फूट होते, ते कुठून आले? हा शोध मला त्या वर्षी लागला तो अजून सुटलेला नाही.

सॉफ्टबॉलचा जन्म शिकागोचा. 1887 च्या नोव्हेंबरात फॅरागट बोट क्लबात जमलेल्या तरुणांपैकी जॉर्ज हॅनकॉकने मुष्टियुद्धाचा एक हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट झाली आणि बंद दिवाणखान्यात बेसबॉल सुरू झाला. मैदान लहान, म्हणून अंतरेही लहान. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव पुढे 1926 साली वॉल्टर हॅकन्सन याने सुचवले. चेंडू मऊ राहिला नाही, पण अंतरे लहानच राहिली.

त्या काळी मोठ्या भावाच्या घरात, म्हणजे बेसबॉलमध्ये, याच अंतरावरून ओढाताण चालू होती. 1881 साली पिचरची हद्द 45 फुटांवरून 50 फुटांवर नेली गेली. पुढे पिचरला मागचा पाय 55 फूट 6 इंचांवरच्या रेघेवर ठेवावा लागे. तरी चेंडू इतका वेगवान झाला की फलंदाज हतबल झाले. 1893 साली पिचरला 60 फूट 6 इंचांवर एका पट्टीला पाय टेकून उभे केले, म्हणजे प्रत्यक्षात पाच फूट मागे. परिणाम ताबडतोब दिसला. अमेरिकेच्या नॅशनल लीगची सरासरी फलंदाजी 1892 साली .245 होती. ती 1893 साली .280 आणि 1894 साली .309 झाली. पाच फुटांनी खेळाचा तोल बदलला.

मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये हेच वळण जवळजवळ शंभर वर्षांनी आले. अमेरिकेच्या महाविद्यालयांनी 1988 साली 40 चे 43 फूट केले. तिथल्या माध्यमिक शाळांना मात्र हा बदल सक्तीचा झाला तो 2010-11 च्या वर्षापासून. महाविद्यालय आणि शाळा यांत बावीस वर्षांचा फरक पडला. शाळेत 40 फुटांवर घडलेल्या खेळाडूला महाविद्यालयात जाताच हात आणि नजर नव्याने बसवावी लागे. मसोलीत माझ्या मुलींचे जे एका दिवसात झाले, तेच हे.

आता तीन फुटांचा हिशेब. ताशी 80 किलोमीटर वेगाचा चेंडू 40 फूट जायला 0.55 सेकंद घेतो आणि 43 फूट जायला 0.59. फरक 0.04 सेकंदाचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण डोळ्याने पाहिलेले हाताला कळायला सुमारे 0.2 सेकंद जातात, बॅट फिरायला आणखी सुमारे 0.15. उरलेल्या वेळात ‘मारू की सोडू’ हे ठरवायचे. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, त्यामुळे खरे अंतर आणखी सहा-एक फुटांनी घटते. हातात राहतो सेकंदाचा आठवा-दहावा हिस्सा, आणि त्यात 0.04 ची भर म्हणजे मोठी मिळकत. माझ्या मैदानावर तर, ताशी 70 किलोमीटरचा वेग धरला तरी, मी मुलींकडून जवळजवळ 0.09 सेकंद काढून घेतले होते.

तरी ‘अंतर वाढवा, फटके वाढतील’ इतका हा हिशेब सरळ नाही. 2021 साली अमेरिकेतल्या अटलांटिक लीगने हंगामाच्या उत्तरार्धात बेसबॉल पिचरला आणखी एक फूट मागे नेऊन पाहिले. फलंदाज बाद होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही आणि प्रयोग तिथेच थांबला. कारण अंतर दोघांनाही मिळते. फलंदाजाला पाहायला वेळ मिळतो, तसा चेंडूलाही वळायला मिळतो. सॉफ्टबॉलमध्ये वर उसळी घेतल्यासारखा भासणारा चेंडू किंवा ऐन प्लेटपाशी बसणारा चेंडू ही तर पिचरची खरी शस्त्रे. 43 फुटांवर नुसत्या वेगावर जगणारी पिचर उघडी पडते, वळवणारी टिकते. शिवाय पिचरच्या अंगावर परत येणाऱ्या फटक्यापासून सावरायलाही तिला थोडा जास्त वेळ मिळतो, आणि शाळकरी मुलींच्या बाबतीत ही बाब छोटी नाही.

आपल्या क्रिकेटने नेमका उलटा मार्ग धरला. 22 यार्डांची खेळपट्टी 1744 च्या नियमांत आहे आणि आजही तीच आहे. हे माप गुंटर या इंग्रज गणितज्ञाच्या 66 फुटी साखळीचे. आपल्याकडे जमीन मोजायची साखळी 33 फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा. म्हणजे डहाणूतल्या वाडीवाल्याला क्रिकेटची खेळपट्टी सांगायची तर एका रेषेत मांडलेल्या दोन गुंठ्यांची लांबी. क्रिकेटमध्ये कमरेखालून टाकायचा चेंडू 1864 पर्यंत खांद्यावरून येऊ लागला, पॅड आले, हेल्मेट आले, पण अंतर हलले नाही. अमेरिकी खेळाने अंतर हलवून तोल साधला, क्रिकेटने अंतर सोडून बाकीचे सगळे हलवले. तोल साधण्याची गरज मात्र दोघांनाही होती.

इतकी वर्षे हे वाचत असताना एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसली. जिथे जिथे फलंदाज हरत होते, तिथे काही जणांनी फलंदाजांना दोष दिला आणि काही जणांनी टेप आणली. खेळाला पुढे नेले ते टेपवाल्यांनी. 1893 साली कुणी म्हणाले असते की या पिढीची नजरच कच्ची, तर पुढच्या वर्षीचा .309 आकडा कधी दिसलाच नसता.

ती मुलगी दहावीनंतर शाळेत राहिली नाही. काही वर्षांनी डहाणू रोड स्टेशनवर भेटली, कडेवर मूल होते. मी तिला सांगितले की तुझी नजर ठीक होती, माझी रेघ चुकली होती. ती हसली आणि म्हणाली, ‘सर, मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही आखलं होतं ना.’

गाडी आली आणि ती गेली. आता शाळेत कुणी मैदान आखायला बोलावले तर मी पावले टाकत नाही. टेपचे एक टोक एखाद्या मुलीच्या हातात देतो आणि आकडा तिलाच मोठ्याने वाचायला सांगतो.